मागील इयत्तेत आपण शिकलो आहोत

सर, तुमच्याशी मी शेवटचं जे बोलले ते खोटं होतं. हे आधी सांगून टाकते, म्हणजे पुढचं लिहिता येईल.

बारामतीच्या दवाखान्यात तुमच्या खाटेजवळ मी स्टुलावर बसले होते. काकू औषधं आणायला खाली गेल्या होत्या. तुम्ही डोळे मिटून पडला होतात. मला वाटलं, झोप लागली. तेवढ्यात तुम्ही विचारलंत, "हिरा, सुनंदाला सांगितलंस का गं?"

मी म्हणाले, "सांगितलं, सर."

"काय म्हणाली?"

"हसली."

तुम्ही "बरं झालं" म्हणालात आणि खरंच झोपलात. चार दिवसांनी तुम्ही गेलात. सुनंदाला मी काहीही सांगितलं नव्हतं. तिच्या लग्नानंतर मी तिला भेटलेच नव्हते.

तुमच्या दहाव्याला खूप माणसं आली होती. कुणी तुमच्या दहावीच्या निकालांबद्दल बोललं, कुणी सायकलबद्दल, कुणी तुमच्या आवाजाबद्दल. तुम्ही दाभणानं शिवलेल्या पुस्तकांबद्दलही एक-दोघं बोलले, पण ती सरांची एक सवय होती अशा सुरात. ती सवय तुम्हाला कधी लागली आणि कुणामुळं लागली, हे आमच्या आठवीच्या वर्गाबाहेर कुणाला ठाऊक नव्हतं.

त्या वर्षी अभ्यासक्रम बदलला. सगळ्या इयत्तांची पुस्तकं काही एकदम बदलत नाहीत. त्या जूनमध्ये पाचवीचं आणि आठवीचं नवं आलं, मधली सहावी-सातवी जुन्यावरच राहिली. आम्ही जुनी सातवी करून नव्या आठवीत बसलो. माझ्या आयुष्यातलं ते पहिलं कोरं पुस्तक. तोवर पुस्तक म्हणजे चुलतभावाकडून आलेलं, आणि वार्षिक परीक्षेचा शेवटचा पेपर सुटला की खालच्या वर्गातल्या भावकीतल्या पोरीकडं गेलेलं. आपल्या शाळेच्या फाटकातच ही देवघेव व्हायची. हातावरची शाई वाळायच्या आत आमची पुस्तकं दुसऱ्याची झालेली असायची. आठवीचं पुस्तक बदललं म्हणून ते वरच्यांकडून मिळालं नाही, दुकानातून आणावं लागलं. मी त्याला दोन कव्हरं घातली होती.

विज्ञानासाठी आठवीचा वर्ग तुमच्याकडं त्याच वर्षी पहिल्यांदा आला होता. गणपतीनंतर तुम्ही रासायनिक समीकरणांचा धडा काढलात. त्याचं पहिलं वाक्य मला अजून पाठ आहे: 'मागील इयत्तेत आपण मूलद्रव्यांच्या संज्ञा, संयुजा व रेणुसूत्रे यांचा अभ्यास केला आहे.'

सातवीत दिवाळीनंतर मी शाळेत नव्हते. आई बाळंत व्हायची होती आणि मेंढरं घेऊन कोकणात उतरलेल्या आमच्या बिऱ्हाडात भाकऱ्या थापायला दुसरं कुणी नव्हतं. शिमग्यानंतर परत आले, मिळेल ते वाचून परीक्षा दिली. तेव्हा ही संयुजा जी काय असेल ती मी कोकणात असताना झाली असणार, असं मी धरून चालले. वर्गात बहुतेकांनी असंच काहीतरी धरलं होतं. कुणाला तेव्हा कांजिण्या आल्या होत्या, कुणी उसाला पाणी धरायला घरी राहिला होता. विचारायचं धाडस कुणालाच झालं नाही. विचारलं असतं तर आपण नव्हतो हेच उघडं पडलं असतं.

सुनंदा मात्र सातवीत एकही दिवस चुकली नव्हती. ती माझ्या बाकावर बसायची. पाढ्यांत आणि तोंडी हिशेबांत वर्गात तिच्यापुढं कुणी नव्हतं. म्हणून तिची पंचाईत आमच्यापेक्षा मोठी झाली. आम्हाला गैरहजेरीची सबब होती. तिच्याकडं सबब म्हणून फक्त स्वतःचं डोकं उरलं.

घटक चाचणीत त्या प्रश्नाला वर्गात एकालाही गुण मिळाले नाहीत. तुम्ही चिडलात. सुनंदाला फळ्याजवळ बोलावलंत आणि सोडियम ऑक्साइडचं रेणुसूत्र लिहायला सांगितलंत. संज्ञा तिनं शेजारच्या तक्त्यावर पाहून घेतल्या होत्या. तिनं सोडियमची लिहिली, तिला चिकटून ऑक्सिजनची लिहिली आणि खडू खाली ठेवला.

"अन् दोन कुठं गेला?" तुम्ही विचारलंत.

"कुठला दोन, सर?"

वर्ग हसला. मीही हसले. तुम्ही म्हणालात, "वर्षभर सातवीत नुसती हजेरी लावलीस काय? जा, बस. तुझ्या डोक्यात हे शिरायचं नाही."

त्या दिवशी आख्ख्या वर्गात बरोबर प्रश्न तिनं एकटीनं विचारला होता, हे कळायला तुम्हाला तीन महिने लागले.

दिवाळीनंतर सुनंदा आली नाही. तिच्या वडलांना सगळा गाव तात्या म्हणायचा. तात्या चावडीपुढं भेटले तेव्हा मला म्हणाले, "आगं, सरच म्हणलं, हिच्या डोस्क्यात शिरत न्हाय. मग कशाला रोजची तंगडतोड? स्थळ आलंय चांगलं."

आणि मग संक्रांतीच्या आसपासचा तो तास. तुम्ही सातवीतल्या एका मुलीकडून तिचं विज्ञानाचं पुस्तक मागून आणलंत, आमच्यापुढं नाचवलंत. आमच्याकडं आमचं जुनं पुस्तक नव्हतंच, प्रत्येकाचं उन्हाळ्यातच दुसऱ्याकडं गेलं होतं. तुम्ही म्हणालात, "हे बघा, मागच्या वर्षीचं. कुठल्या पानावर संयुजा शिकलात ते मी काढून दाखवतो, मग बोला." तुम्ही अनुक्रमणिका उघडलीत. बोट वरून खाली गेलं. पुन्हा वर आलं, पुन्हा खाली गेलं. मग तुम्ही पानं चाळू लागलात, आधी भराभर, मग एकेक. आम्ही चाळीस जण तुमच्या बोटाकडं बघत होतो. शेवटचं पान झाल्यावर तुम्ही पुस्तक मिटलंत आणि खुर्चीवर न बसता फळ्याखालच्या ओट्यावर बसलात. आमच्याएवढे झालात.

"हितं न्हाईच की," तुम्ही म्हणालात. वर्गात तुम्ही कधी घरच्यासारखं बोलत नव्हतात. त्या दिवशी बोललात.

दुसऱ्या दिवशी तुम्ही आम्हाला सगळं उलगडून सांगितलंत. जुन्या क्रमात संयुजा आठवीत होती. नव्या क्रमात ती सातवीत आणली होती. नवी सातवी यायची होती, जुनी आठवी गेली होती. आधीच्या मुलांना तो धडा मिळाला, नव्या सातवीतून येणाऱ्यांनाही मिळणार, मधल्या तुकड्याच दोन्हींच्या मधून निसटणार, आणि त्यांतली पहिली आमची. तुम्ही पुस्तक करणाऱ्यांना नावं ठेवली नाहीत. म्हणालात, "त्यांनी जिना नीट बांधलाय. एका जिन्यावरून दुसऱ्यावर पोरं चढवताना मधे पाय ठेवायला जागा आहे का, हे मी बघायला पाहिजे होतं. तुमचं काही चुकलं नाही. माझं चुकलं."

शिक्षक वर्गाची माफी मागतो हे आम्ही कधी पाहिलं नव्हतं. माझ्यासाठी तर ते वाक्य माफीच्याही पलीकडचं होतं. शाळेत पाऊल ठेवल्यापासून मला जे जे येत नव्हतं ते माझ्या न येण्यामुळं, आमच्या मेंढरांमुळं, आमच्या घरात कुणी वाचत नव्हतं त्यामुळं, असं मी मानत आले होते. न येण्याचं कारण माझ्या बाहेरही असू शकतं हे त्या दिवशी पहिल्यांदा ऐकलं. पुढं बारावीत, बीएस्सीला, कुठंही काही अडलं की मी आधी मागचं पुस्तक शोधलं, मग स्वतःला दोष दिला. आमच्या घराण्यातली पहिली पदवीधर मी त्या एका सवयीवर झाले, असं म्हटलं तरी चालेल. आबा मला सायन्सला घालायला तयार नव्हते. "मेंढराला सायन लागत न्हाय," म्हणाले. तुम्ही म्हणालात, "आबा, मेंढराला नसेल लागत, पोरीला लागतं." माझा कॉलेजचा फॉर्मही तुम्हीच भरलात.

पंधरा दिवस शाळेच्या आधी तास घेऊन तुम्ही आमची संयुजा करून घेतलीत. मग एका रविवारी सायकल घेऊन तात्यांच्या घरी गेलात. रस्ता दाखवायला मी पुढं होते, म्हणून तुमचं दोघांचं बोलणं मी ऐकलं.

"या सर, च्या घ्या. पर पोरीचा विषय काढू नगा. सुपारी फुटली."

"तात्या, लग्नाबद्दल बोलायला नाही आलो. तिला येत नव्हतं ते माझ्यामुळं, एवढं तिला सांगायचंय."

"तुमचं कसं चुकंल?" तात्या खरंच गोंधळले. "तुमी मास्तर हाय."

सुनंदा मामाकडं गेली होती. तात्यांनी तुम्हाला दोन कणसं आणि गुळाची ढेप दिली, आणि तुमचा निरोप तिथंच राहिला. येताना तुम्ही सायकलवर बसला नाहीत, हातात धरून चालत आलात.

त्या उन्हाळ्यापासून पुस्तकं शिवणं सुरू झालं. तुम्ही पाचवीपासून दहावीपर्यंतच्या विज्ञानाच्या पुस्तकांच्या पिना काढायचात, धडे सुटे करायचात आणि विषयवार लावून दाभणानं शिवायचात. पाण्याचं एक पुस्तक, उष्णतेचं एक, प्रकाशाचं एक. पाचवीत जे एक वाक्य असायचं ते नववीत पाच पानं होऊन यायचं. काही गोष्टी सहावीत एकदा डोकावून पुन्हा कधीच यायच्या नाहीत. काही दरवर्षी त्याच कपड्यांत यायच्या. प्रकाशाच्या पुस्तकावर तुम्ही आम्हाला हसवायचात. "पाचवीत सरळ रेषेत जातो, सहावीत सरळ जातो, सातवीतही सरळच चाललाय. मग एक दिवस पाण्यात शिरताना वाकतो, अन् पोरं विचारतात, सर, हा कधीपासनं बिघडला?"

जुन्या कॅलेंडरांच्या पाठी जोडून तुम्ही एक मोठा तक्ता केला होता. कुठली कल्पना कुठल्या इयत्तेत पहिल्यांदा येते आणि ती आधीच्या कुठल्या कल्पनेवर उभी आहे, याच्या रेघा त्यावर होत्या. आणि तुमचा तो नियम: पुस्तक खुशाल द्या, ज्याला द्यायचं त्याला द्या, पण आधी अनुक्रमणिका वहीत उतरवून घ्या. माझ्या अक्षरातल्या नववी-दहावीच्या अनुक्रमणिका अजून माझ्या ट्रंकेत आहेत. 'मागील इयत्तेत' असं कुठं आलं की आम्ही वही उघडून खात्री करून घ्यायचो. आता माझ्या वर्गातली मुलंही तेच करतात. तुमचं नाव त्यांना सांगितलंय.

मी बीएड करत असताना आपलं भांडण सुरू झालं. विषय दरवर्षी परत यावा आणि दरवेळी त्याचं वर्तुळ मोठं व्हावं, ही समकेंद्री रचना मी तिथं शिकले आणि घाईनं तुम्हाला शिकवायला आले. तुम्ही तुमच्या बारामतीच्या घरी ओसरीवर बसला होतात.

"वर्तुळाला कोपरा नसतो," तुम्ही म्हणालात, "म्हणून जबाबदारी कुठं अडकतच नाही. एक मास्तर म्हणतो, राहिलेलं पुढच्या वर्षी येईल. पुढचा म्हणतो, मागच्या वर्षी झालंय. एक गोष्ट एकदाच घ्यावी, पुरती घ्यावी, मग वर चढावं."

"सर, मी सातवीत चार महिने नव्हते. तेव्हाचे बाकीचे धडे पुढं पुन्हा आले म्हणून मला सापडले. तुमच्या जिन्यावर एक पायरी चुकली की माणूस खाली."

"पण चुकली हे कळतं तरी! तुझ्या वर्तुळात फिरणाऱ्याला आपण कधी चुकलो हे कळतच नाही."

"कळून काय करायचं, परत चढायला जागाच नसेल तर?"

काकू आतून म्हणाल्या, "चहा गार व्हायलाय. भांडताय कशावरनं, सातवीच्या पुस्तकावरनं? लोकांची जमिनीवरनं होतात."

आपण दोघं हसलो. मग तुम्ही एकदम म्हणालात, "सुनंदा लोणी भापकरला दिलीय म्हणे. मी गेलो तर सासरची माणसं काय समजतील कुणास ठाऊक. तू जा. सांग तिला, तिचं काही चुकलं नव्हतं."

मी हो म्हणाले. त्याला तीन वर्षं झाली. दर भेटीत तुम्ही विचारायचात, दर भेटीत मी सांगायचे, या सुट्टीत जाते. कारणं होती, नोकरी नवी होती, आबांचं दुखणं होतं. खरं कारण वेगळं होतं. चांगली साडी नेसून, खांद्याला पर्स अडकवून मी तिच्या दारात उभी राहणार आणि सांगणार, की तूही इथवर आली असतीस. आणि तिला नक्की आठवणार, की त्या दिवशी वर्गाबरोबर मीही हसले होते.

दहाव्यानंतर काकूंनी तुमचं गाठोडं मला दिलं. शिवलेली पुस्तकं आणि घडी घातलेला तो तक्ता. घरी येऊन उलगडला. जुनी सातवी आणि नवी आठवी यांच्या मधे तुम्ही एक चौकोन आखला होता. त्यात काही लिहिलेलं नव्हतं. पण पेन्सिलीनं लिहून खोडून, लिहून खोडून तिथला कागद इतका पातळ झाला होता, की खालच्या सतरंजीचा रंग दिसत होता.

सर, परवा मी बारामतीहून एसटीनं लोणीला गेले.

सुनंदा अंगणात बसून भुईमुगाच्या शेंगा तोडत होती. मला बघून उठली नाही. "आगं बया, हिरे! का बाई म्हणू आता? बस. खाली बस म्हणलं असतं, पर साडी मळंल."

मी खाली बसले. सासूबाईंनी विचारलं, "कोण गं?" ती म्हणाली, "माझ्या बाकावरची." थोडा वेळ तिच्या मुलीबद्दल, तात्यांच्या गुडघ्यांबद्दल बोलणं झालं. मग तुम्ही गेल्याचं मी सांगितलं. तिला कळलं होतं. मग मी ते सांगितलं. दहा वर्षांचं, एका दमात. तो धडा आपल्या पुस्तकात नव्हताच, कुणालाच येत नव्हता, सर सांगायला घरी आले होते.

तिचे हात थांबले नाहीत. वेलाच्या शेंगा तटातट तुटत होत्या.

"मग माझ्या डोस्क्यात शिरायचं न्हाय म्हणलं, त्ये?"

"तेव्हा त्यांना माहीत नव्हतं."

"कवा कळलं त्यास्नी?"

"त्या संक्रांतीला."

"आन् तुला?"

"तेव्हाच."

आता तिचे हात थांबले. "हिरे, धा वर्सांत लोणीला यस्टी नव्हती व्हय गं?"

ती रडली नाही, ओरडली नाही. तिनं पदरानं तोंड पुसलं आणि पुढचा वेल ओढला. त्याच्या शेंगा तोडून झाल्यावर खालच्या मानेनंच म्हणाली, "कुठला हुता गं त्यो दोन?"

मला आधी कळलंच नाही.

"सरांनी इचारलं हुतं न्हवं, दोन कुठं गेला म्हणून. कुठला दोन?"

दहा वर्षं तो दोन तिच्याजवळ होता, सर.

मी तिच्याच ढिगातल्या शेंगा घेतल्या. एक शेंग म्हणजे एक अणू. तुम्ही आम्हाला सकाळच्या तासांना शिकवलं होतं तसंच सांगितलं. प्रत्येकाला ठरावीक हात असतात, एकही हात रिकामा ठेवायचा नाही. हायड्रोजनला एक हात, ऑक्सिजनला दोन. पाणी मांडून दाखवलं. मीठ मांडलं, सोडियमला एक, क्लोरिनला एक. तिनं मला तिसरं मांडू दिलं नाही.

"थांब. सोडियमला एकच हात म्हणलीस?"

"एकच."

"आन् ऑक्सिजनला दोन." तिनं एक मोठी शेंग मधे ठेवली. तिच्या एका बाजूला एक छोटी ठेवली. दुसऱ्या बाजूकडं बघत राहिली. मग ढिगात हात घालून आणखी एक छोटी शेंग काढली आणि तिथं ठेवली.

"ह्यो व्हय त्यो दोन?"

"हो."

"येवढंच?"

मी मान हलवली. सगळं मिळून दहा मिनिटंसुद्धा झाली नव्हती.

ती हसली नाही, सर. मी तुम्हाला दवाखान्यात सांगितलं होतं, त्यातलं काहीच झालं नाही. ती त्या तीन शेंगांकडं बघत बसली. सासूबाईंनी हाक मारली, ऊन कललं, तरी तिनं त्या ढिगात मिसळल्या नाहीत. उचलून उंबऱ्याच्या कडेला ठेवल्या. जिना की वर्तुळ, आपलं भांडण मी मनात बरोबर नेलं होतं. त्या अंगणात मला ते आठवलंही नाही.

मी निघाले तेव्हा ती फाट्यापर्यंत आली. एसटी दिसल्यावर म्हणाली, "सरास्नी सांग, मला कळलं म्हणून."

मी म्हणाले, "सुनंदा, सर गेले गं."

"ठावं हाय मला," ती म्हणाली. "तरी सांग."

म्हणून हे लिहिलं. या वेळी खरं सांगते आहे, सर. सुनंदाला कळलं.